ओढ्यात उतरलेला शिक्षकवर्ग

गोड्या पाण्याचं विज्ञान शिक्षकांना प्रत्यक्ष हाताने करायला लावणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत ओला छळ आहे. भरल्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प करणारे सर वीतभर पाण्यात शेजाऱ्याचा खांदा धरून उभे राहतात. पाणी नडगीच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे बजावून झालेलं असतं. तरी कोणीतरी पुढे सरकतंच आणि दिवसातला पहिला नमुना गमबूट उलटा करून मिळतो.

मग जाळी. तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे, कड तळाला टेकलेली आणि दगड पायाने ढवळणारा माणूस जाळीच्या वरच्या अंगाला. निम्मे लोक खालच्या अंगाला उभे राहून मनोभावे लाथा मारतात. दगडांखालच्या कीटकांच्या अळ्या त्यांचा निरोप घेऊन पुढच्या गावाला जातात. पांढऱ्या ट्रेमध्ये गवताची काडी येते, आणि तिचीही दोन वेगवेगळी नावं सांगितली जातात. अळ्या सापडल्याच, तर शेपट्या मोजून ओळखायची घाई नको: मेफ्लाय या कीटकाच्या अळीला बहुधा तीन असतात, पण काहींना दोनच, शिवाय चिमट्यात त्या तुटतात. भिंगातून पाय बघावा. टोकाला एकच नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय हा दुसरा कीटक.

खरी कसोटी विंकलर पद्धतीची, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची. 300 मिलीची बाटली पाण्याखालीच भरायची आणि बुडबुडा न अडकवता बूच लावायचं. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड, दोन्ही 1-1 मिली, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचे. तपकिरी साका आला की ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. साका खाली बसला की सल्फ्युरिक आम्ल, त्याने साका विरघळून आयोडीन सुटतं. मग 200 मिली घेऊन 0.025 नॉर्मल थायोसल्फेट थेंबाथेंबाने. रंग फिका पिवळा होईपर्यंत स्टार्चला हात लावायचा नाही, नाहीतर आयोडीन त्याला घट्ट धरून बसतं आणि निळा रंग वेळेवर जात नाही. गेलेला निळा थोड्या वेळाने परत डोकावतो. त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करावं. शिक्षकांना ते जमत नाही, मागच्या बाकावरच्या हालचाली टिपण्यात त्यांची हयात गेलेली असते.

जितके मिली थायोसल्फेट खर्च झालं, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन प्रतिलिटर. समजा, आले 11. तक्त्यात 20 अंशाला संपृक्तता, म्हणजे हवेतून पाण्यात मावणारा ऑक्सिजन, 9.1. इथे शिक्षकी रक्त उसळतं: आकडा चुकला, दुरुस्त करा! वास्तविक, भर उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडत असताना पाणी संपृक्ततेच्या वर सहज जातं. शंका असेल तर त्याच जागची दुसरी बाटली करावी, आणि पहाटे पुन्हा मोजावं. रात्रभराच्या श्वसनाने आकडा उतरलेला दिसेल. पण ‘पुस्तकात किती दिलंय?’ हा प्रश्न बुरेट (थायोसल्फेट सोडायची खुणांची नळी) रिकामी होण्याआधीच आलेला असतो.

म्हणून नोंदवहीसोबत आम्ही पेन्सिल देतो, कारण शाई पाण्याने पसरते. खोडरबर देत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी नवा आकडा. तरीही कोणाच्या ना कोणाच्या पर्समधून खोडरबर निघतोच, आणि तो पूर्ण गटात फिरतो.