हिरव्या टॉवरात राहायला जाताना

अभिनंदन! परळला फ्लॅट झाला म्हणे. तोही एकतिसाव्या मजल्यावर, आणि तोही 'हरित' इमारतीत. गच्चीवर सौर पॅनल, पोडियमवर बांबूचं बन, लॉबीत भिंतीवर उभी लावलेली बाग. (खालचे सात मजले नुसत्या गाड्यांचे आहेत, पण वेलींच्या जाळीमागून ते दिसत नाहीत.) वास्तुशांत व्हायच्या आत चार अनुभवाचे बोल ऐकून घ्या. कुठल्या खिडकीचे पडदे उघडे ठेवायचे आणि कुठले कायमचे ओढून घ्यायचे, एवढं आधी ठरलं की हरित राहणं काही अवघड नाही.

आवारात गिरणीची जुनी चिमणी राखून ठेवली असेल, तर तिच्यासमोर पाहुण्यांचे फोटो जरूर काढा. एखाद्या चौकस पाहुण्याने विचारलंच, की 1982 च्या संपानंतर इथले कामगार कुठे गेले, तर 'गावाला' म्हणून सांगा. वाद वाढवू नका. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाचा. 2001 साली दुरुस्ती झाली, की वाटे करायचे ते फक्त रिकाम्या जमिनीचे, जिच्यावर शेड उभी आहे तिचे नाही. आता गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असून असणार किती? 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही दुरुस्ती मान्य केली. त्या 'फक्त'ला रोज सकाळी नमस्कार करत जा. तो शब्द नसता तर तुमच्या बांबूच्या बनात आज कुणाचीतरी पोरं क्रिकेट खेळत असती आणि चेंडू लॉबीच्या काचेवर आला असता.

आता पाणी. तुमच्याकडे पर्जन्यजल साठवण आहे, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, सोसायटीच्या ग्रुपवर 'थेंब थेंब वाचवा' आहे. जलतरण तलावही आहे, पण त्याचा विषय ग्रुपवर काढायचा नाही. महापालिकेच्या हिशेबात इमारतीतल्या माणसाला दिवसाला 135 लिटर लागतात आणि झोपडीतल्याला 45. झोपडीतली माणसं मुळातच काटकसरी, त्यांना ब्रश करताना नळ बंद करा म्हणून सांगावं लागत नाही. त्यांचा आदर्श ठेवा. प्रत्यक्षात तसं वागायला मात्र जाऊ नका, 45 लिटरमध्ये तुमचा शॉवरसुद्धा गरम होणार नाही.

हे पाणी येतं शंभरेक किलोमीटरवरून. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसा धरणाचं. भातसा शहापूर तालुक्यात, तानसाही शहापुरातच. पावसाळ्यात भरलेला तलाव बघायला सहकुटुंब अवश्य जा, फोटो फार छान येतात. एप्रिल-मे महिन्यात मात्र तिकडे फिरकू नका. त्या दिवसांत धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत असतात. धरणाच्या उशाला बसून टँकरचं पाणी! तुम्ही थांबलात तर कुणीतरी विचारेल, 'कुठले तुम्ही?' आणि मुंबई म्हणताना उगीच घसा कोरडा पडेल. गाडीत बिसलेरी ठेवा.

शहापुरातून निघालेलं पाणी ज्या मोठ्या नळांतून शहरात शिरतं, त्या तानसाच्या पाइपलाइनला लागून हजारो घरं होती. तुमच्या नळाला त्यांच्यापासून धोका होता. मग हायकोर्टाच्या आदेशाने दोन्ही बाजूंना 10-10 मीटर मोकळे करायला घेतले. रिकाम्या झालेल्या पट्ट्यात महापालिकेने 39 किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला. माणसं उठवून सायकल! कार्बनच्या दृष्टीने याहून शुद्ध काम तुम्हाला शोधून सापडायचं नाही. सायकल घ्या, चांगली गिअरवाली. चालवायचा प्रश्नच नाही, बाल्कनीत उभी असली की पुरते.

ती माणसं कुठे गेली, हे तुम्ही विचारणार नाही, पण तुमच्या घरी येणाऱ्या मावशी सांगतील. त्या पाइपलाइनवरच राहायच्या. आता माहुलला असतात. माहुल म्हणजे रिफायनऱ्यांच्या कुशीतली वसाहत, जिथे खिडकी उघडली की हवेच्या आधी वास आत येतो. तिथल्या लोकांचे खोकले, कातडीचे विकार, श्वासाच्या तक्रारी यावर बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि तिथे राहायची सक्ती करता येणार नाही असं हायकोर्टाने 2019 मध्ये सांगितलं. पुढे रिकाम्या घरांचं करायचं काय, म्हणून 2025 मध्ये महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, साडेबारा लाखांच्या आसपास. परळला एवढ्यात तुमची दुसरी गाडीसुद्धा उभी राहणार नाही. तरीही पालिकेच्या लोकांच्या उड्या काही पडल्या नाहीत. कर्मचारी हुशार, अजून काय!

मावशींना उशीर झाला तर चिडू नका, शांतपणे अर्ध्या दिवसाचे पैसे कापा. माहुलला रेल्वे नाही. आधी बस, मग कुर्ल्याहून लोकल. बेस्टचं किमान तिकीट मे 2025 मध्ये 5 चं 10 झालं, तेही त्या ऐकवतील. त्यावर सार्वजनिक वाहतुकीचं कौतुक करा आणि स्वतः कोस्टल रोड धरा. तिथे ना दुचाकी, ना रिक्षा, त्यामुळे हवा फार स्वच्छ वाटते.

कचऱ्याचं थोडक्यात सांगतो. ओला-सुका वेगळा करा, दोन रंगांचे डबे घ्या, वॉचमनने ते एकाच पिशवीत ओतले तर तिकडे पाठ करा. पुढे देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे, 1927 पासून आहे. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर नासाच्या उपग्रहालाही दिसला, पण तुमची बिल्डिंग पश्चिमाभिमुख आहे, समुद्राचा वारा आहे.

एक राहिलंच. पाच जूनला आपल्या सोसायटीत 'वीज वाचवा' दिन असतो. त्या दिवशी एक लिफ्ट बंद ठेवायची प्रथा आहे. रहिवाशांची नाही हो, घाबरू नका, सर्व्हिस लिफ्ट. मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे त्या तासभर लवकर निघतील.