फ्रिज घेऊ नका

पीआरची, म्हणजे परदेशात कायमचं राहायच्या परवान्याची, फाइल टाकायला घेतलीत? ऑस्ट्रेलिया? वा! मग पहिली गोष्ट, नवा फ्रिज घेऊ नका.

आहे त्याचं दार नीट लागत नाही, मान्य. रबर गेलंय, म्हणून दाराला स्टूल टेकवून ठेवावं लागतं आणि रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याच्या नडगीला ते स्टूल न चुकता सापडतं. पण आता दोन-तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे! हे वाक्य घरातल्या प्रत्येकाकडून घोटून घ्या. बाथरूमची गळती, बसलेली गादी, हॉलचा रंग, सगळ्याला हेच उत्तर. चिरंजीव मोठी सायकल मागतील. 'तिकडे गेल्यावर घेऊ, गिअरची.' त्यांचे गुडघे हँडलला आपटायला लागले तरी वाक्य बदलायचं नाही. फार तर सीट आणखी एक इंच वर करून द्यायची.

मग गुणांचं गणित. अर्जाचं बोलावणं गुणांवर येतं, किमान ६५ लागतात. तेवढ्यानं हुरळून जाऊ नका. ६५ म्हणजे मंगल कार्यालयाच्या दारात चपला काढायची परवानगी. पंगतीला कुणाला बसवायचं ते यजमान सगळ्यात जास्त गुणवाल्यापासून मोजत ठरवतात. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, ३३ पूर्ण झाली की २५, ४० पूर्ण झाली की १५ आणि ४५ झाली की तुम्ही कितीही कुशल असा, हातात नारळ. बोलावणं येईल त्या दिवशीचं वय धरतात. त्यामुळे वाढदिवसाला आई निरांजन ओवाळून 'शतायुषी हो' म्हणाली की नमस्कार करता करता गुण वजा करायची सवय लावून घ्या.

लग्नाचंही तसंच. एकट्या माणसाला १० गुण. बायकोचं शिक्षण आणि काम त्यांच्या यादीत बसलं, तिचे कागद पास झाले, तिचा इंग्रजीचा पेपर सुटला, तर १०. नुसतंच बऱ्यापैकी इंग्रजी असेल तर ५. यातलं काहीच नसेल तर शून्य. म्हणजे दोघांनी मिळून जिवाचं रान केलंत तर तुम्ही ब्रह्मचाऱ्याच्या बरोबरीला येता. ही माहिती बायकोला जेवताना सांगू नका. मी सांगितली होती.

आता उरतात मराठीचे पाच. होय, मराठीचे. तिकडे 'नाटी' नावाची संस्था भाषेची परीक्षा घेते आणि तिच्या यादीत आपली मराठी आहे. दोन संवाद, प्रत्येकी साधारण तीनशे शब्दांचे. एक पात्र इंग्रजीत बोलतं, दुसरं मराठीत, मध्ये दुभाषे तुम्ही. प्रत्येक संवादात ४५ पैकी निदान २९ आणि एकूण ९० पैकी ६३ मिळाले की पाच गुण तुमचे. आपलीच तर भाषा, तिची कसली तयारी, असं म्हणून थेट सरावाला बसा. घरमालकीण इंग्रजीत काहीतरी सांगेल आणि तुम्ही आत्मविश्वासानं म्हणाल, 'त्या म्हणतायत की टेनन्सी ॲग्रीमेंटप्रमाणे बाँड रिफंड होणार नाही, कारण कार्पेट डॅमेज झालंय.'

क्लासच्या बाई शांतपणे विचारतील, 'यात मराठी काय होतं?'

'"कारण", मॅडम.'

तर क्लास लावा. मराठीचा. पुण्यात राहून, पैसे भरून, रात्री साडेनऊला लॅपटॉपसमोर बसून. 'तारण', 'अनामत रक्कम', 'जामीन', 'मज्जातंतू' असे शब्द वहीत लिहून पाठ करा. ज्या लेकाला बागेत घसरगुंडीवरून 'बेटा, स्लोली' असं ओरडून वाढवलंत, तो दारात उभा राहून ऐकेल आणि विचारेल, 'बाबा, ही हिंदी आहे का?' त्याला उत्तर देत बसू नका, लक्ष विचलित होतं. परीक्षा पास झालात की पेढे वाटा आणि पेढे संपेपर्यंत खूश राहा. कारण तोवर चाळिसावा वाढदिवस येतो. मराठीनं दिलेले पाच तर तो नेतोच, वर आणखी पाच नेतो.

समजा, बोलावणं आलं. मग ६० दिवसांत अर्ज आणि फी. २०२४-२५ साली मुख्य अर्जदाराचे ४,७६५ ऑस्ट्रेलियन डॉलर, जोडीदाराचे त्याच्या साधारण निम्मे आणि पोराचे चौथाई. चौथाई वसूल करत एके काळी आपण कुठवर गेलो होतो! आता ती क्रेडिट कार्डानं भरायची, वर कार्डाचा सरचार्ज.

कागदपत्रं ही आंब्याच्या अढीसारखी असतात. सगळी एकदम पिकत नाहीत, आणि पिकलेली थांबत नाहीत. इंग्रजीचा निकाल तीन वर्षं टिकतो, ईओआय म्हणजे बोलावण्याआधीचा इच्छा-अर्ज दोन वर्षं, पीसीसी म्हणजे पोलिसांचा दाखला आणि मेडिकल साधारण वर्षभर. म्हणून उत्साहाच्या भरात पीसीसी आणि मेडिकल सगळ्यात आधी उरकून टाका. म्हणजे ऐन वेळी नेमकी तीच नासलेली निघतात. दुसऱ्यांदा चौकीत गेलात की हवालदार खुर्ची देतात. 'अजून गेला नाहीत होय?' त्यांच्या चौकशीत खरी काळजी असते. तिकडच्या साहेबांना आपल्याबद्दल काय वाटतं, ते मात्र कळायला मार्ग नाही. दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, कुठल्या देशात किती दिवस होतात, नोकरी नव्हती त्या दोन महिन्यांत काय करत होतात, सगळं विचारतात. 'साताऱ्याला घरी होतो' एवढं पुरत नाही. पोट कशावर भरलंत, तेही लिहा.

मग सुरू होतं खरं व्रत. ऑक्टोबर ते एप्रिल कॅनबेरात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, एरवी साडेचार. त्या वेळी उठा. 'गोल्डन मेल', म्हणजे व्हिसाची ग्रँट मिळाल्याची मेल, आली का बघा. स्पॅम बघा. स्पॅममधलं ट्रॅश बघा. स्टेटसवर 'रिसीव्हड' हा एकच शब्द असेल, पण तो रोज नव्यानं वाचा. मग अर्जदारांच्या ग्रुपवर जा. तिथे तुमच्यानंतर चार महिन्यांनी फाइल टाकलेल्या एका सद्गृहस्थाला ग्रँट आलेली असेल. त्याला हात जोडलेला इमोजी पाठवा आणि तो कुठल्या प्रोफेशनमधला आहे ते शोधण्यात सकाळ घालवा. तिकडच्या सुट्ट्याही पाठ ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्नला घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी असते, हे तुम्हाला माहीत हवं. घरातली संकष्टी कधी आहे, ते आई सांगेलच.

गणपतीत मात्र कसूर नको. 'यंदा इथला शेवटचा गणपती', असं सगळ्यांना कळवून टाका. पहिल्या वर्षी कोल्हापूरहून आत्या येतील, काका येतील, आरतीला गळे दाटून येतील. आत्या तिकडे न्यायला मेतकूट आणि भाजणी देतील, आणि विमानतळावर खायचं सगळं डिक्लेअर करा, असं कुठूनतरी ऐकून पुड्यांवर लेबलं चिकटवून देतील. दुसऱ्या वर्षी 'यंदा नक्की शेवटचा' म्हणा. तेव्हा निम्मे येतील आणि मेतकूट आणणार नाहीत, कारण आधीचं तुम्ही भाताबरोबर संपवलेलं त्यांना माहीत असेल. तिसऱ्या वर्षी फॅमिली ग्रुपवर मोदकाचं स्टिकर येतं. खालच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या विसर्जनाला भेटतात. त्या 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात तेव्हा बघत मात्र तुमच्याकडे असतात.

एवढं सगळं नीट पाळलंत तर एका दुपारी फ्रिज बंद पडेल. खाली पाण्याचं तळं, वर विरघळलेलं दूध, आणि मेकॅनिक भिंतीकडे तोंड करून बसलेला.

'कॉम्प्रेसर गेला. नवीन फ्रिजच घ्या आता.'

'दोन-तीन महिने निघणार नाहीत का?'

तो स्टूल पायानं बाजूला सरकवतो. 'साहेब, मागच्या दिवाळीला गॅस भरला तेव्हा पण हेच म्हणाला होतात.'

बायको ओट्यापाशी उभी राहून फडकं पिळत असते. 'नव्याला किती वर्षांची गॅरंटी असते हो?'

'कॉम्प्रेसरला दहा वर्षं, वहिनी.'

दहा! तुम्ही हसून घ्या आणि त्याला विचारा, सेकंडहँड कॉम्प्रेसर कितीला बसतो.