‘आम्ही उतरलो, काही झालं नाही’: गुलमर्गच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. हिमस्खलनाचा धोका असतो, म्हणून ताज्या हिमवृष्टीनंतर निदान दोन दिवस गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या मोकळ्या उतारांवर स्की घेऊन उतरू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "पुण्यात पंख्याखाली बसून लोकांना घाबरवू नका. बर्फ थांबला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही उतरलो, काही झालं नाही." मतभेदाला माझी ना नाही. पण ओळख ना पाळख, आणि एकदम ही भाषा? 

बसतो कुठे ते सांगतो. गिर्यारोहणाचे बेसिक आणि ॲडव्हान्स दोन्ही कोर्स मी केलेत, आणि गेली बरीच वर्षं हिवाळ्यात गुलमर्गला जातोय. एकदा गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावरून स्कीइंगच्या ठरलेल्या हद्दीबाहेर निघालो होतो. फूटभर ताजा बर्फ, लख्ख ऊन. बर्फाचे थर किती पक्के आहेत ते तपासायला खड्डा खणला, तीस सेंटिमीटरचा चौकोनी खांब कापला, माथ्यावर फावडं ठेवून थापट्या मारायला घेतल्या. दहा मनगटातून, मग कोपरातून. कोपरातून मारलेल्या तिसऱ्याच थापटीला वरचा अख्खा थर सरकून माझ्या मांडीवर आला. खाली साखरेसारखे सुटे कण, मुठीत धरले तरी गळून जाणारे. आमच्यातला एक जण तेव्हाही म्हणत होताच, "काल चौघं उतरलीत की इथून." आम्ही परत फिरलो.

त्या चौघांचं उतरणं हा पुरावा नाही, आणि तुमचंही नाही. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार, खाली कमजोर थर, वर घट्ट थर, एवढं जुळलं की फक्त कुणाचं तरी वजन पडायचं बाकी असतं. वरचा थर जाड असेल तिथून चार जण सुखरूप जातात. पाचवा तो पातळ असलेल्या जागी येतो आणि सगळा उतार तुटतो. हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा सोबत्यांनीच सुरू केलेलं असतं. आणि आकाश मोकळं झालं म्हणून काही थांबत नाही. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला साठवतच असतो.

३० जानेवारी २०२३ ला श्रीनगरात भारत जोडो यात्रेची सांगता सभा भर बर्फात झाली, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, अफरवटवर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीअर गेले. सोबत स्थानिक गाइड होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुन्हा मोठ्या हिमवृष्टीनंतर, एक रशियन स्कीअर गेला. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले, ज्यांचं कामच बर्फात राहणं होतं. हे लिहिणं म्हणजे घाबरवणं असेल तर मी घाबरवतोय, आणि पुन्हा घाबरवीन.

उताराचा कोन मोबाइलवर कसा मोजायचा ते लेखात नाही, हे तुमचं बरोबर. टाकतो. कमजोर थर कित्येक आठवडे टिकतो, म्हणून ‘दोन दिवस’ हा आकडाच फसवा आहे, असंही तुम्ही म्हणता. त्यावर इथे वाद घालत बसत नाही. नवख्याला काहीतरी ठोस सांगावं लागतं. गाइड लोकांचा अपमान केल्याचा आरोपही तुम्ही करता; तो मी कुठेही केलेला नाही, लेख नीट वाचा.

तुमच्या ग्रुपमध्ये बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं किती जणांकडे होतं, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. तेवढ्यात खालून कुणी पोहोचत नाही, शोधायचं सोबत्यांनीच. तेवढं कळवा, मग पुढचं बोलू.