‘खेड्यात बसून डॉक्टरकी’

भाऊ, नाव लिहिलं नाही तुम्ही, म्हणून भाऊच म्हणतो. कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीनं, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधानं, मामाच्या मेंदूला सूज आली, असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया अशी: ‘मेंदूला सूज शंभरात एकालाही येत नाही. खेड्यात बसून डॉक्टरकी करू नका. तुमची पोस्ट वाचून माझ्या सासऱ्यांनी पुढचा डोस नाकारला.’

पहिलं वाक्य बरोबर. शिवाय एका ठिकाणी मी इम्युनोथेरपीला ‘किमो’ म्हटलं होतं, ते दुरुस्त केलं. आभारी आहे.

पण ‘खेड्यात बसून’? हे औषध वाईट, असं मी कुठं लिहिलं ते दाखवा. आमच्या भागात खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारी घोटून करतात तो) तोंडाचा कॅन्सर काही नवा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा अभ्यास मीच त्या पोस्टमध्ये सांगितला होता: गोळ्यांच्या उपचाराला जोडून निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, आणि वर्षभरानं हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर. ते वाचूनच मी मामाच्या मागं लागलो होतो. घाबरवणारा माणूस असं करतो का?

आता खेड्यात बसून काय दिसतं ते ऐका. तिसऱ्या डोसनंतरची गोष्ट. रात्री अडीच वाजता मामा छपरीत बसून मांडीवर पन्नी घासत होता, खर्रा घोटतात तशी. खर्रा सोडून त्याला दोन वर्षं झाली होती. पन्नी रिकामी होती. मामीला म्हणाला, “माय, बैल सोडले का वं?” बैल विकूनच सहा वर्षं झालीत.

सकाळी ताप. गावातल्या डॉक्टरनं टायफॉइड म्हणून सलाइन लावलं. शेजारच्या काकूनं लिंबू उतरवलं. दोन दिवस मीही गप्प बसलो, हे पोस्टमध्ये लिहायची लाज वाटली होती. तिसऱ्या दिवशी आकडीचा झटका आला, तेव्हा गाडी करून नागपूर गाठलं. एमआरआय साफ. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, त्यात पेशी वाढलेल्या, म्हणजे आत सूज. आधी विषाणूवरचं औषध सुरू केलं. विषाणू सापडला नाही, मग मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस. इम्युनोथेरपी बंद. पाचव्या दिवशी चहात साखर कमी म्हणून मामा मामीवर खेकसला. मामी रडायलाच लागली.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच मी पोस्टमध्ये लिहिलं. या औषधानं प्रतिकारशक्तीची वेसण सुटते. ती कॅन्सरवर तुटून पडते, आणि क्वचित स्वतःच्याच मेंदूवर उठते. डोस झाल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही. म्हणून ताप आणि भ्रम दिसला की ‘वय झालं’ किंवा ‘बाहेरचं लागलं’ म्हणत बसायचं नाही, निघायचं. डोस देताना धोक्यांचा कागद हातात दिला होता म्हणे. होता ना, इंग्रजीत. मामीनं तो सातबाराच्या पिशवीत जपून ठेवला होता. तुमचं ‘शंभरात एक’ त्या पिशवीला सांगा.

आणि हो, डॉक्टरकी मी केली नाही. केली असती तर ते दोन दिवस वाया गेले नसते.

सासऱ्यांचं म्हणाल, तर त्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांसमोर बसून व्हावा. ‘मनानं डोस बंद करू नका’ हे पोस्टच्या शेवटच्या ओळीत आहे. तुम्ही तिथवर पोचला असाल असं प्रतिक्रियेवरून वाटत नाही. सासऱ्यांना तरी ती ओळ वाचून दाखवा.