सॅम्पल मेथड भाषेतच हवी

पणजी-पर्वरीच्या प्रोग्रामर मंडळींत एक मत सध्या सारखं पुढे पाठवलं जातंय. "लिस्ट, अॅरे अशा याद्यांना रँडम नमुना काढायची मेथड, म्हणजे तयार आज्ञा, देणं म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा उगाच फुगवणं. एका ओळीचं काम आहे: रँडम सॉर्ट करा, वरचे हवे तेवढे घ्या. शिवाय निकाल दर वेळी वेगळा, म्हणून अशा मेथडची टेस्ट लिहिता येत नाही." हे मला अजिबात पटत नाही. ती एक ओळच मुळात चुकीची आहे.

पेडणे, बार्देश आणि तिसवाडी हे तीनच तालुके घ्या. रँडम सॉर्ट म्हणजे यादी क्रमाने लावताना दोघांच्या प्रत्येक तुलनेला नाणेफेक. तिघांचे क्रम सहा, तेव्हा प्रत्येकाची शक्यता एक षष्ठांश हवी. पण मोजक्या नाणेफेकींतून अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांच्याच बेरजा निघतात आणि त्यांतून एक षष्ठांश कधीच जुळत नाही. सॉर्टची रीत कुठलीही असो, पक्षपात होणारच. २०१० साली मायक्रोसॉफ्टच्या युरोपातल्या ब्राउझर-निवडीच्या पानात हीच चूक सापडली होती. योग्य रीत फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्येच दिली होती: दर पायरीला उरलेल्यांतून एक रँडम उचलायचा.

इंडेक्स, म्हणजे यादीतला क्रमांक, रँडम आकड्याला यादीच्या लांबीने भागून उरलेल्या बाकीवरून मिळवणंही फसवं असतं. एका बाइटच्या २५६ किमतींना गोव्याच्या १२ तालुक्यांनी भागलं, तर पहिल्या चार तालुक्यांना २२ संधी मिळतात आणि उरलेल्या आठांना २१. लाभार्थी निवडायच्या सोडतीत हे चालेल का?

यादी नीट शफल करून, म्हणजे पत्त्यांसारखी पिसून, वरचे पाच घेतले तर उत्तर बरोबर येतं, हे मान्य. पण दहा लाख नोंदींतून पाच काढायला सगळा ढीग का ढवळायचा? फिशर-येट्सच्या पाच पायऱ्या पुरतात. आणि शफल जागच्या जागी झालं, तर मूळ यादीचा क्रमही मोडतो.

टेस्टचा आक्षेप तर केव्हाच निकालात निघालाय. स्विफ्ट भाषेच्या ४.२ आवृत्तीपासून रँडमएलिमेंट या मेथडला आपला जनरेटर, म्हणजे रँडम आकडे पुरवणारा, देता येतो, रुबी भाषेच्या सॅम्पललाही. त्याचं सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, ठरवलं की निकाल दर वेळी तोच.

सेट, म्हणजे ठरलेला क्रम नसलेला संग्रह, याबाबत मात्र सावध राहायला हवं. पायथॉन भाषेच्या ३.११ आवृत्तीपासून सॅम्पल थेट सेट स्वीकारत नाही. आधी लिस्ट करावी लागते, आणि निकाल पुन्हा तोच यायचा तर तिचा क्रमही ठरलेला हवा. ते योग्यच आहे. म्हणून ही मेथड आधी क्रम असलेल्या प्रकारांना द्यावी.