द्राक्षबागेचा अलार्म कसा चुकवावा

तुमचं ऑफिस नाशिकच्या कॉलेज रोडला आणि तुम्ही निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांसाठी अँड्रॉइड ॲप काढताय. फवारणीची आठवण, ठिबकच्या वेळा, रात्रपाळीची वीज असेल तेव्हा मोटर सुरू करायची हाक. एकच काम, ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्युमेंटेशन उघडणं म्हणजे तुमच्या अनुभवाचा अपमान आहे. उघडू नका.

हँडलर घ्या, म्हणजे ॲपची कामं रांगेत लावणारं साधन; पोस्टडिलेड, म्हणजे ‘इतक्या वेळाने हे कर’, लिहा आणि रनेबलच्या, म्हणजे त्या कामाच्या, शेवटच्या ओळीत पुन्हा तोच पोस्टडिलेड. झालं काम! फोन गाढ झोपला की हँडलरचं घड्याळही थांबतं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. तुमचा फोन झोपतो कधी? तो सकाळपासून केबलने लॅपटॉपला बांधलेला, स्क्रीन सतत चालू. अँड्रॉइड ६पासून, म्हणजे २०१५पासून, डोझ नावाचा प्रकार आहे. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो बराच वेळ जागचा हलला नसेल, तर सिस्टिम ॲपांची कामं मागे ढकलते आणि अधूनमधून छोट्या खिडक्या उघडून एकदम उरकते. या खिडक्यांमधलं अंतरही वाढत जातं. या तिन्ही अटी बागायतदाराच्या उशाशी रात्री एक वाजता नेमक्या पूर्ण होतात. तुमच्या टेबलावर पहिल्या दोन कधीच होत नाहीत. म्हणून टेस्टिंग टेबलावरच करा.

ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा स्क्रीन, संपताना कॉलबॅक, म्हणजे रांगेत लावलेलं ते काम, काढून टाकायचा, हा सल्ला काटकसरी लोकांचा. तुम्ही राहू द्या. फोन आडवा धरला की ॲक्टिव्हिटी नव्याने जन्मते, जुनी साखळी चालूच राहते, आणि भुरी रोगाच्या फवारणीची एक आठवण दोन होते. पुन्हा उभा धरला की तीन. बागायतदाराला वाटेल, ॲपला आपली फार काळजी आहे.

टीममध्ये एखादी नवी मुलगी असते, ती वर्कमॅनेजर सुचवते, म्हणजे ॲपची मागची कामं सिस्टिमकडे सोपवणारं साधन. ऐका तिचं, पण आपल्या पद्धतीने. दर पाच मिनिटांचं काम मागा. त्याची किमान मर्यादा पंधरा मिनिटांची आहे, म्हणून तो निमूटपणे ९००००० मिलिसेकंद, म्हणजे तीच पंधरा मिनिटं, करून घेतो आणि लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, इशारा टाकतो. लॉग कोण वाचतं? शिवाय ही पंधरा मिनिटंही काट्यावर मोजलेली नसतात, सिस्टिमला सवड झाली की होतात. काम रांगेत लावताना त्याला नाव देऊ नका. नाव दिलं आणि ‘आधीचं असेल तर तेच ठेव’ असं सांगितलं तर एकच काम राहतं. साधा एनक्यू, म्हणजे नुसतं रांगेत टाकणं, वापरला की ॲप उघडेल तितकी कामं साठतात.

अलार्ममॅनेजर, म्हणजे ठरल्या वेळी ॲपला उठवणारं साधन, वापरायचाच असेल तर त्यातलं सेटरिपीटिंग घ्या. नावात रिपीट आहे, बास. अँड्रॉइड ४.४पासून ते अंदाजेच वाजतं. अचूक हवं म्हणून सेटएक्झॅक्टकडे वळलात, तर अँड्रॉइड १२पासून त्याला वेगळी परवानगी लागते आणि १४मध्ये नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपांना ती सुरुवातीला नसतेच. परवानगी आहे का हे विचारत बसू नका. सरळ हाक मारा. ॲप कोसळलं तर चूक झेलणारा ट्राय-कॅच आहेच, आत काही न लिहिलेला.

फोन बंद करून चालू केला की अलार्म पुसले जातात, हे तर विसरायलाच हवं. आपल्याकडे सिंहस्थ कुंभमेळ्याचं बघा. २०१५मध्ये झाला, पुढचा २०२७मध्ये. एवढ्या वर्षांत किती मुख्यमंत्री, किती पालकमंत्री बदलले, पण तारीख हलली नाही, कारण गुरू सिंह राशीत कधी येणार हे पंचांगात लिहिलेलं असतं आणि कुणीही पुन्हा काढू शकतं. पुढची वेळ डेटाबेसमध्ये लिहून ठेवायची आणि फोन सुरू झाला की अलार्म पुन्हा लावायचा, हे झालं पंचांगवाल्यांचं डोकं. आपण आधुनिक. आपली पुढची वेळ रॅममध्येच राहणार.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक आठवणीला अचूक वेळ लागते का? फवारणी सकाळी सहाऐवजी सव्वासहाला आठवली तर भुरी काही त्या पंधरा मिनिटांची वाट बघत नसते. मोटरला मात्र वेळ पाळावीच लागते. हा फरक शोधायचा तर दिंडोरीला जाऊन दोन माणसांशी बोलावं लागेल, आणि द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून आधीच ऑफिसात उशिरा पोचलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे.

तक्रार आलीच तर फोनच्या कंपनीवर ढकला. ‘सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा’ म्हणा. ते सेटिंग प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या जागी असतं, तेवढा वेळ तुम्हाला मिळतो. तरीही स्टोअरवर एक तारा पडला, तर ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, कृपया ॲप अपडेट करा’ हे उत्तर आपोआप जाईल अशी सोय करा. ते काम तेवढं सर्व्हरवर लावा. तिथे डोझ नसतो.