भाजीला हात लावायचा नाही!

पाहुण्यांमधली सगळ्यात अवघड जात म्हणजे ‘मला काही बघायचं नाही, नुसतं निवांत फिरू’ म्हणणारी. यादी घेऊन येणारा पाहुणा परवडला. त्याला एक राजवाडा आणि एक म्युझियम दाखवलं की फोटो टाकून तो घोरायला मोकळा. आमच्या आत्याला म्युनिकमध्ये काहीच बघायचं नव्हतं. फक्त ‘इथली मंडई’. आणि आत्याची उभी हयात पुण्याच्या फुले मंडईत गेलेली. ती लांबून दिसली की तिथले गाळेवाले आपणहून भाव पाडतात म्हणे.

वाटेत मारिएनप्लात्झ चौकात टाऊन हॉलच्या मनोऱ्यातल्या बाहुल्या अकराला नाचतात, म्हणून आम्हीही चारचौघांसारख्या माना वर केल्या. वरच्या मजल्यावर १५६८ सालचं ड्यूक विल्हेल्मचं लग्न. त्यानिमित्त दोन घोडेस्वारांची झुंज लागते. बव्हेरियाचा स्वार रोज जिंकतो आणि लोरेनचा, म्हणजे नवरीच्या माहेरचा, रोज आडवा होतो.

“मुलीकडचे ना!” आत्या म्हणाली. “चला.”

खाली पिंपं बनवणाऱ्या कारागिरांचा नाच अजून व्हायचा होता. तो राहिलाच.

तिथून व्हिक्टुआलिएनमार्क्ट, म्हणजे इथली मंडई, दोन मिनिटांवर. पूर्वी बाजार मारिएनप्लात्झलाच भरायचा. जागा पुरेना, म्हणून राजा माक्सिमिलियनने १८०७ मध्ये तो इकडे हलवला. टोमॅटो असे रचलेले की फोटोसाठी मांडलेत असं वाटावं. मी आदल्या रात्रीपासून बजावत होतो, की इथे भाजीला हात लावायचा नाही. सांगायचं, मग बाई स्वतः काढून देतात.

“म्हणजे किडकं आपल्याला आणि चांगलं पुढच्याला!” आत्याचं अर्थशास्त्र पक्कं.

मे महिना होता, म्हणजे पांढऱ्या श्पार्गेलचा, अर्थात अ‍ॅस्परॅगसचा, मोसम. चोवीस जूनला हा मोसम संपतो, तोवर इथली माणसं वेड लागल्यासारखी हे खातात. बोटभर जाडीचे पांढरे कोंब ओळीने झोपवलेले. मी शेजारच्या गाळ्यावरचा मध बघायला वळलो आणि मागून आवाज आला. कट्.

आत्याने श्पार्गेलचं टोक मोडलं होतं. भेंडीचं मोडतात तसं. मोडलेला तुकडा नाकाशी नेऊन ती म्हणाली, “कोवळं आहे हो.”

गाळेवाली काहीच बोलली नाही. या देशात हे ओरडण्यापेक्षा वाईट. तिने त्या मोडक्या कोंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुकाट्याने किलोभर घेतले.

“किती सांगितले? अर्धे म्हण.”

“आत्या, इथे भाव करत नाहीत.”

“तू म्हणून तर बघ! बरं, वर चार मिरच्या नि कोथिंबिरीची काडी तरी मागून घे.”

मी जर्मनमध्ये “फार छान आहे तुमची भाजी” एवढंच म्हणालो. आत्याला वाटलं, मागितली आणि तिने नाही म्हटलं. मग दोघींनी एकमेकींकडे जे पाहिलं, त्याला दुभाषा लागत नव्हता.

दमून बाजाराच्या मधोमध बिअर गार्डनमध्ये चेस्टनटच्या झाडाखाली टेकलो. मी माझी बिअर आणि तिच्यासाठी सोडा घातलेला सफरचंदाचा रस घेऊन येतोय तोवर बाकावर स्टीलचा डबा उघडला होता. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. मला घाम फुटला, आणि मग आठवलं की इथे हे चालतं! याच माक्सिमिलियन राजाने १८१२ मध्ये फर्मान काढलं होतं. बिअरवाल्यांनी तळघरापाशी बिअर विकावी, पण पाव सोडून खाणं विकू नये. मग लोक घरून डबे आणू लागले. बिनटेबलक्लॉथच्या बाकांवर ती पद्धत अजून आहे. दिवसभरात आत्याने केलेली ही पहिली कायदेशीर गोष्ट.

समोरच्या आजोबांनी आपल्या मुळ्याच्या चकत्या पुढे सरकवल्या. आत्याने अर्धा धपाटा आणि वर चटणी दिली. आजोबांचा बिअरचा मग एका दमात रिकामा झाला. “आवडलं का विचार,” आत्या म्हणाली, पण ते दुसऱ्या मगच्या रांगेत पोचलेसुद्धा होते.

निघताना रिकामे मग परत करायला आत्याच गेली. मगावर अनामत असते, हे सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ती मुठीत नाणी वाजवत परतली.

“इथे भाव करत नाहीत म्हणे!” नाणी पर्समध्ये टाकत ती म्हणाली. “मी नुसती समोर जाऊन उभी राहिले, तर मुकाट्याने परत दिले. चल, आता त्या श्पार्गेलवालीकडे.”